अर्धी चप्पल आणि इतर टिपणं

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून फणसवाडीत वळलं की माणसाचा खांदा आपोआप तिरका होतो. समोरून हातगाडी, तिच्या मागे स्कूटर, स्कूटरच्या मागे डोक्यावर पाटी घेतलेला माणूस. छाती काढून चालायला इथे जागाच नाही. हाच माणूस नरिमन पॉइंटच्या फुटपाथवर हात हलवत, फोनवर मोठ्याने बोलत चालत असेल. इथे तो पिशवी पोटाशी धरतो आणि ‘जरा...’ एवढंच म्हणतो. पुढचं वाक्य म्हणेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. उपनगरातले पाहुणे आले की म्हणतात, तुमच्या गिरगावात लोक तुटक बोलतात. त्यांनी एकदा दोन्ही हातांत नारळाची पिशवी घेऊन इथून भुलेश्वरपर्यंत जाऊन यावं.

*

सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळात बालाजीच्या देवळासमोर लोकांचे पाय बघावेत. (मी बघतो. बरं दिसत नाही, पण बघतो.) कामावर निघालेल्यांना आत जाऊन दर्शन घ्यायला सवड नसते, ते रस्त्यावरूनच नमस्कार करतात. साध्या चपलेतला माणूस जागच्या जागी पाय बाहेर काढतो, चपलांवरच उभा राहतो, डोळे मिटतो, ओठ पुटपुटतात, पाय पुन्हा आत. मागे पट्टा असलेली सँडल घातलेली बाई थांबते, पण पाय काढत नाही. खाली वाकून पट्टा सोडायचा म्हणजे मागून येणारी हातगाडी अंगावर. मग ती नुसती पदर किंवा ओढणी सावरते आणि हात जोडते. बूटवाला तर थांबतच नाही. चालता चालता उजवा हात छातीला, मग ओठांना, झालं. त्यांच्यातही नाडीवाले वेगळे आणि नुसता पाय सरकवायच्या बुटातले वेगळे. या दुसऱ्यांपैकी काही जण टाचा वर काढतात, पुढचा पाय आतच ठेवतात आणि तसेच अर्धवट उभे राहून देवाला नमस्कार करतात.

पावसाळा सुरू झाला की दृश्य बदलतं. सगळे रबरी चपलांत. एकदम जास्त माणसं थांबतात, जास्त वेळ थांबतात. जूनमध्ये भक्ती वाढते असं देवळातल्या कुणाला वाटत असेल. वाढलेल्या असतात त्या रबरी चपला.

*

जुन्या चाळीचा जिना: लाकडी, उभा, अंधारा, आणि वरून लोंबणारा एक दोर. दोर हाताळून हाताळून इतका गुळगुळीत झालेला की नवा माणूस तो धरायला कचरतो. पायऱ्या इतक्या उंच की चढणाऱ्याची नजर पायांकडेच राहते. त्यामुळे जिन्यात माणूस चेहऱ्याने ओळखत नाहीत, पावलाने ओळखतात. आमच्याकडच्या एक आजी घरात बसून सांगायच्या, ‘मधला आला हो. आज रागात आहे.’

*

जिन्याच्या कोपऱ्यात पूर्वी पानाच्या पिचकाऱ्या होत्या. मग कुणीतरी देवांच्या टाइल्स लावल्या. गणपती, साईबाबा, बालाजी, शेजारी क्रूस आणि मक्का. पिंका थांबल्या. पण कुठे थांबल्या ते बघण्यासारखं आहे. टाइल्सची ओळ संपते तिथून बरोबर चार बोटं पुढे लाल डाग सुरू होतात, वरची कड पट्टीने आखल्यासारखी. म्हणजे थुंकणारा बेभान नसतो. काळोखात, घाईत, तोंडात तोबरा असताना त्याला साईबाबांची हद्द दिसते. पुढच्या वर्षी समितीने टाइल्स आणखी तीन फूट नेल्या, डाग तीन फूट सरकले.

‘थुंकू नये’ ही पाटी त्याच भिंतीवर वर्षानुवर्षं होती. तिच्यावरही डाग होते.

मला ही युक्ती आवडत नाही. तिन्ही धर्मांच्या देवांना वॉचमनच्या कामाला लावलंय आणि त्यांना सुट्टी नाही. पण जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये फुटक्या खिडकीवर जो प्रसिद्ध लेख लिहिला (एक काच फुटकी राहिली की बाकीच्या फोडायला लोक मोकळे होतात), त्याची एक बाजू आमच्या जिन्यात खरी ठरते. एक टाइल तडकली होती. तडकलेल्या गणपतीवर कुणी थुंकलं नाही, पण त्याच्या पायाशी विडीची थोटकं जमू लागली.

*

फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तीन मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत एक पाहणी केली. १९५० मध्ये ती पुस्तकरूपाने आली. दुमजली इमारती, मजल्यावर पाच बिऱ्हाडं, आणि बिऱ्हाडं वाटली होती ती जशी रिकामी होतील तशी. आपला शेजारी कुणी निवडला नव्हता. विचारलं होतं एवढंच, की तुमचं जाणं-येणं कुणाशी? अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के लोकांची नावं आली. एक दार सोडून २२, दोन दारं सोडून १६, आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्यांपैकी फक्त १०. ही दोन टोकं एकमेकांपासून शंभर फुटांच्या आत होती! खालच्या मजल्यावरच्या ज्या घरांवरून जिना जायचा आणि ज्यांच्यापाशी टपालपेट्या होत्या, त्यांची वरच्या मजल्यावर जास्त मैत्री.

हे वाचून फणसवाडीतला कुठलाही माणूस म्हणेल, यासाठी पाहणी कशाला? जिन्याजवळची खोली म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक आहे. पोस्टमन तिथे विचारणार, गॅसवाला तिथे सिलिंडर टेकवणार, वर्गणीवाले तिथूनच सुरुवात करणार. कुणाच्या घराची किल्ली, कुणाचं कुरिअर, कुणाच्या पोराचा डबा, सगळं त्या दारात. त्या घरातल्या बाईला चाळ दोन वर्षांत ‘भोचक’ म्हणायला लागते. आमच्या मजल्यावर त्या खोलीत माझ्या आठवणीत तीन बिऱ्हाडं झाली. एक कोकणातलं, एक घाटावरचं, एक गुजराती. पहिल्या काकूंना सगळे भोचक म्हणत. त्या टोकाच्या खोलीत राहायला गेल्या आणि सहा महिन्यांत ‘हल्ली कुणात मिसळत नाहीत’ अशा झाल्या. पुढे जिन्याजवळच्या खोलीत आलेल्या अबोल बेन वर्षभरात गॅसचा नंबर कुणाचा कधी लागला हे तोंडपाठ सांगू लागल्या.

काकूंचा स्वभाव टोकाच्या खोलीत गेल्यावर कुठे गेला, हे त्या पुस्तकात नाही.

*

गॅलरीची स्तुती करायची फॅशन आहे. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कबद्दल लिहिलं, की रस्त्यावर सहज नजर टाकणारी माणसं असली की तो रस्ता सुरक्षित राहतो, पोलिसांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त. आमच्याकडचे वास्तुशास्त्र शिकणारे विद्यार्थी ते वाक्य घेऊन चाळीचे फोटो काढायला येतात. खोटं नाही ते. तांदूळ निवडणाऱ्या बाईची नजर ताटात असते आणि चाळीच्या फाटकातही असते. अनोळखी माणूस आत शिरला की ताट हलायचं थांबतं.

पण खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘काका, मला मित्र नाक्यावर सोडतो. वाडीत नाही.’ नाक्यापासून घरापर्यंतच्या त्या पट्ट्यात तिची चाल वेगळी, आवाज वेगळा, फोन पर्समध्ये. सव्वीस दारं आणि प्रत्येक दारात एक पाट. ती सुरक्षित आहे यात शंका नाही. ती घर सोडून पुण्याला नोकरी बघते आहे, यातही नाही.

*

हॉर्न. २०२० च्या सुरुवातीला मुंबई वाहतूक पोलिसांनी एक व्हिडिओ काढला होता. सीएसएमटी, हिंदमाता अशा काही ठिकाणच्या सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडलं. लाल दिव्यापाशी हॉर्नचा कल्लोळ ८५ डेसिबलच्या वर गेला की उलटी मोजणी पुन्हा ९० सेकंदांपासून सुरू. व्हिडिओत ड्रायव्हर एकमेकांना गप्प करताना दिसतात. वाजवणाऱ्याला दंड झाला असता तर बाकीच्यांना काय त्याचं! इथे शिक्षा सगळ्यांना, त्यामुळे मागचा पुढच्याचा हवालदार झाला. प्रयोग तात्पुरता होता. परवाच हिंदमाताला उभा होतो, कान किटले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दादर-माहीमच्या काही सिग्नलमध्ये चालणाऱ्या पुरुषाच्या जागी फ्रॉकमधली बाई आली. त्यावर बरीच चर्चा झाली. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आजवर तिथे पुरुष होता.

*

वडाळ्याचं प्रकरण मला फार आवडतं, म्हणून जरा लांबवून लिहितो.

मुंबईच्या लोकलवर त्या काळात वर्षाला तीन हजारांहून जास्त माणसं मरत होती, आणि त्यांत सगळ्यात मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा. रेल्वेने पाट्या लावल्या, उद्घोषणा केल्या, दंड केला. काही फरक नाही. २००९ च्या अखेरीला मध्य रेल्वेने वडाळ्याला ‘फायनल माइल’ नावाच्या मुंबईतल्याच एका कंपनीला प्रयोग करू दिला. त्यांनी लोकांना शहाणं करायचा नादच सोडला. आधी रुळांशी उभं राहून नुसतं बघितलं, की माणूस ओलांडतो तेव्हा त्याला काय दिसतं आणि काय ऐकू येतं.

पहिली गोष्ट: मोठी वस्तू समोरून येत असली की ती आहे त्यापेक्षा सावकाश येतेय असं डोळ्याला वाटतं. हर्शेल लाइबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांचा विचार करताना हे मांडलं होतं. म्हणजे ‘जाऊ, वेळ आहे’ म्हणणारा माणूस अडाणी किंवा माजलेला असतोच असं नाही. त्याचा डोळाच त्याला फसवतो. उपाय काय केला? रुळांखालचे काही काही स्लीपर भडक पिवळे रंगवले. एकामागून एक पिवळे पट्टे गाडीखाली गडप होताना दिसले की वेग कळतो.

दुसरी: इंजिनाचा लांबलचक भोंगा. रुळांशेजारी राहणाऱ्याला तो दिवसभर ऐकू येत असतो, म्हणजे ऐकूच येत नाही. त्याऐवजी मोटरमनने दोन छोटे, तुटक भोंगे द्यायचे. दोहोंच्या मधली शांतता कानाला टोचते.

तिसरी: काठ्यांच्या माणसाचं चित्र असलेली इशाऱ्याची पाटी काढली आणि गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे फोटो लावले. डोळे विस्फारलेले, तोंड वासलेलं, एकाहून एक जवळून घेतलेले. ‘येथून जाऊ नका’ असं त्यावर लिहायची गरजच नव्हती.

पुढच्या काही महिन्यांत त्या टप्प्यातले मृत्यू बरेच कमी झाले असं तेव्हा जाहीर झालं. रंगाचे काही डबे, दोन भोंगे आणि तीन फोटो! अर्थात, हा उपाय कायमचा पुरेल असं मी धरत नाही. पिवळा रंग धुळीने काळा होतो, आणि फोटोची सवय होते. पादचारी पूल आणि भिंत यांना पर्याय नाहीच, आणि स्वस्तातली युक्ती हाती आली की महागाचं काम पुढे ढकलायला सरकारला निमित्त मिळतं. तरी त्या लोकांनी पन्नास-साठ वर्षांत कुणी विचारला नसेल तो प्रश्न विचारला: माणूस तिथे उभा असताना त्याच्या डोळ्यापुढे नक्की काय असतं?

*

वडाळ्याहून फार लांब नाही. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, सकाळी साडेदहाच्या सुमाराची वेळ. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर एकदम जोराची सर आली. छत्री नसलेली माणसं जिन्याच्या तोंडाशी थांबली. कुणीही थांबलं असतं. मागून गाड्या येत राहिल्या, माणसं उतरत राहिली. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. कुणाची तरी फुलं पडली, कुणीतरी ओरडलं आणि ते पुढच्यांना ‘पूल पडला’ असं ऐकू आलं, अशी एक हकिकत तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. रेल्वेच्या चौकशीने पावसाला दोष दिला. पाऊस काय उत्तर देणार? लष्कराने नवा पूल बांधला, तो २७ फेब्रुवारी २०१८ ला खुला झाला. म्हणजे पाच महिन्यांत होण्यासारखं ते काम होतं.

*

केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती १८९३ पासूनचा, मुंबईतला पहिला सार्वजनिक. मूर्ती अजून लहान. समोर गेलं की माणूस वाकतो, मग मूर्तीच्या डोळ्यांत बघतो. लालबागला मूर्ती उंच, आणि माणूस बारा-पंधरा तास रांगेत उभं राहून तिच्यापाशी पोचतो तेव्हा त्याच्या वाट्याला काही सेकंद. कार्यकर्ता मान खाली दाबतो, पाठीला हात लावतो आणि पुढे. दोन्हीकडे जाणारी माणसं तीच, आमच्याच वाडीतली. लहान मूर्तीपुढे फोन खिशात राहतो. उंच मूर्तीपुढे हात आपोआप वर जातात, आणि हातात फोन असतोच.

*

नाटकाच्या तीन घंटा. साहित्य संघात लहानपणापासून ऐकल्या. पहिली घंटा झाली की बटाटेवड्याच्या रांगेतला माणूस हलत नाही. दुसरी झाली की चहा बशीत ओततो. तिसरी झाली की गर्दी आत. आणि मग ते खोकणं! दिवे मंद होतात आणि सगळं थिएटर एकदम खोकून घेतं, पुढचे दोन तास कोटा संपल्यासारखं. कुणी सांगितलेलं नसतं. धुपाचा वास येतो, नारळ फुटल्याचा आवाज येतो, आणि सातशे माणसं एका दिशेला वळतात.

फोनने यातला एक धागा तोडला. २०१९ च्या जुलैत नाशिकला अभिनेते सुमीत राघवन यांनी फोन वाजल्यामुळे प्रयोग थांबवला तेव्हा पुष्कळांनी त्यांची बाजू घेतली, काहींनी ‘एवढं काय’ म्हटलं. पुढे मुंबई महापालिकेत नाट्यगृहांत जॅमर लावायची चर्चा झाली. मला जॅमर नको. चौथी घंटा द्या, फक्त फोनसाठी, आणि ती वाजेपर्यंत दिवे पूर्ण लावलेले ठेवा. शेजाऱ्याच्या नजरेसमोर खिशात हात घालायला माणूस लाजत नाही. अंधारात फोन बंद करायला मात्र त्याला तो आधी चालू करून बघावा लागतो.

*

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने देशाची एक प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे ढकलायची होती. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी दगडफेक केली, कारण आता उजाडायच्या आत कामावर हजर व्हायला लागणार होतं. महापालिकेची घड्याळं पुढेही जुन्या मुंबई वेळेवर चालली; स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं शहरात दोन वेळा नांदल्या. निरोप देताना लोक विचारत, कुठली वेळ? अशा शहरात उशीर झाला तर तो कुठल्या हिशोबाने, हे ठरवायची सोय होती. गिरगावकर लग्नाला अर्धा तास उशिरा पोचतात त्याचं मूळ इथे शोधावं असा माझा विचार आहे. पुरावा नाही.

*

इराणी हॉटेल कोपऱ्यावर का? कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून बाकीचे व्यापारी घेत नसत, ती इराण्यांनी घेतली, असं सांगतात. परिणाम असा की दोन रस्ते एकदम दिसतात आणि माणूस एका चहावर तासभर बसतो. मग त्याला उठवण्यासाठी पाट्या. केस विंचरू नये, पाय वर घेऊ नये, भांडू नये. धोबीतलावच्या बस्तानीतल्या अशाच सूचनांवरून निस्सिम इझिकेल यांनी इंग्रजी कविता केली. बस्तानी बंद झालं, पाट्या कवितेत राहिल्या. त्या वाचून कुणी लवकर उठल्याचं ऐकिवात नाही. उलट वाचायला म्हणून लोक आणखी एक चहा मागवत.

*

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांचा ताबा मिळाला. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. शंभर वर्षं सामायिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना त्या आकड्याची किंमत ठाऊक आहे. चाळीच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांनी आधी पहाटे पाच वाजता बादली घेऊन त्या रांगेत उभं राहावं आणि मग बोलावं.

आमच्याकडेही मागच्या गल्लीतली एक चाळ जाऊन बावीस मजल्यांचा टॉवर झाला. माणसं तीच, मजले बदलले. लिफ्टमध्ये आरसा आहे. एकमेकांना जन्मापासून ओळखणारे शेजारी आरशात स्वतःचे केस बघतात किंवा मजल्याचा आकडा बघतात. जिन्यात नजर पायांकडे असूनही माणूस ओळखला जायचा. इथे दोन फुटांवर उभा असलेला दिसत नाही. सातव्या मजल्यावर पोडियमला बिल्डरने ज्येष्ठांसाठी बाकं, झाडं, वर छप्पर असं सगळं नीट करून दिलंय. तिथे कबुतरं असतात.

बायका संध्याकाळी बसतात ते खाली, मागच्या फाटकाजवळ, पंपाच्या खोलीच्या कट्ट्यावर. कट्टा अरुंद, मोटारीची घरघर, शेजारी कचऱ्याचे डबे. पण तिथून रस्ता दिसतो, भाजीवाला तिथेच थांबतो, आणि लिफ्टला जाणाऱ्या प्रत्येकाला समोरून जावं लागतं. सेक्रेटरींनी दोनदा विनंती केली. म्हणाले, ‘काकू, वर एवढी छान सोय आहे, तिथे बसा ना.’ काकू म्हणाल्या, ‘वर बसून बघायचं काय? आकाश?’

शेवटी सोसायटीने कट्ट्याच्या मागच्या भिंतीवर पत्र्याची मोठी पाटी ठोकली: येथे बसण्यास सक्त मनाई आहे. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा पाच जणी बसल्या होत्या. भिंतीचा चुना साडीला लागायचा, तो आता लागत नाही. पाटीला टेकून बसायला बरं पडतं, म्हणाल्या. बाजूला अजून एक लावा म्हणून त्यांनी सेक्रेटरींना सांगितलंय.